फुगा मी काढला होता

“पिढ्यानपिढ्या झाडू धरलेला हात. त्याला काचेची अक्कल कुठून येणार?”

माझ्या पीएचडीचे गाईड असलेले सर मामांना असं म्हणाले. जालन्यातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सगळ्या पोरांसमोर, दोन हजार सालानंतरच्या काळात. मामा म्हणजे आमचे शिपाई. माझ्याच आष्टी गावचे, माझ्याच जातीचे. खाली मान घालून उभे होते. हवा आत जाऊ नये म्हणून फ्लास्कच्या तोंडावर लावलेला नायट्रोजनचा फुगा गायब होता. तो मामांनी काढला नव्हता. मी काढला होता.

काम असं होतं. इमिडॅझोल हे नायट्रोजन असलेलं कडं. त्या नायट्रोजनवर बोरॉनिक ॲसिडमधलं बेंझीनचं कडं बसवायचं, तांब्याच्या क्षाराच्या मदतीनं. सरांचा दंडक एकच, फ्लास्कमध्ये हवा शिरता कामा नये. चारदा केलं, चारदा मेहनतीवर पाणी. मग लायब्ररीत वाचलं की या कामात तांब्याला हवाच लागते. सरांना सांगायची छाती झाली नाही. म्हणून गुपचूप फुगा काढला.

आणि मामा बोलणी खात असताना मी गप्प बसले. माझ्या आडनावावरून जात कळत नव्हती, आणि ती कळू नये याची मी काळजी घेत होते. लाज वाटते सांगायला, पण मामांपेक्षा मला माझी पीएचडी प्यारी होती. त्याच दिवशी सरांनी मामांना संडास धुवायच्या कामाला लावलं.

फ्लास्क रात्रभर तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या पट्टीवर नवा ठिपका दिसला. जोडणी झाली होती. पुढे सेमिनारात सर ऐटीत म्हणाले, “मी मुद्दाम हवा देऊन पाहिली.” टाळ्या पडल्या. मी उठले.

“फुगा मी काढला होता, सर. मामांनी न्हाई. अन् ज्या हाताला तुम्ही बोलले, तसाच माझ्या बापाचा हात हाय.”

सरांनी मला त्याच आठवड्यात काढून टाकलं. मी मामांकडे गेले. ते बादली भरत होते. मी पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले.

“तवा बोलायचं होतं, पोरी.”

एवढंच. पुन्हा नळाकडे वळले.

दुसऱ्या गाईडकडे मी पहिल्यापासून सुरुवात केली. आता मीच शिकवते. पहिल्या तासाला माझं गाव सांगते, जात सांगते. मग बजावते, इथे काही फुटलं, बिघडलं, तर शिपायाला कुणी बोलायचं नाही. आधी मला विचारायचं. मी एकदा गप्प बसले होते.