टायर ठोकणारे कॅप्टन आणि माझे कान

कॅप्टन दस्तगीर तांबोळी यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असा निरोप समितीने पाठवला तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी समितीचे लोक परंड्याला घरीच आले, चहा प्याले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र. तुमच्याशिवाय ग्रंथ पुरा कसा होईल?" सगळ्यात जुना मित्र मी आहेच, पण त्यांच्यावर सगळ्यात जास्त वर्षे जळणारा माणूसही मीच आहे. गौरवलेखात असे लिहीत नाहीत हे मला कळते. आमच्या शाळेत निरोपाची मानपत्रे वर्षानुवर्षे मीच लिहिली आहेत. तरी कॅप्टनसाहेबांबद्दल खरे लिहायचे तर हेव्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण आमची ओळख झाली त्या दिवशी दहा मिनिटांत तो सुरू झाला.

मी मूळचा तुळजापूरचा. वडील कचेरीत कारकून. बी.एस्सी. झाल्यावर उत्तरेकडच्या एका सरकारी विमानविद्यालयात वैमानिकाच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली. घरोघर पेढे गेले. गावच्या साप्ताहिकात माझा फोटो आला आणि खाली छापले होते, 'जिल्ह्यातील पहिला भावी वैमानिक'. ते कात्रण ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून मी वसतिगृहात पोचलो. ट्रंक उघडतो न उघडतो तोच समोरच्या खाटेवर बसलेल्या उंच, सावळ्या गृहस्थांनी विचारले, "कुठलं गाव म्हणायचं?"

"तुळजापूर."

ते उठून उभेच राहिले. "मंग शेजारीच की! म्या नळदुर्गचा. हायवेला आमचं पंक्चरचं दुकान हाय. तुळजापूरचं माणूस इथं भेटंल असं वाटलंच न्हवतं!" असे म्हणून त्यांनी मला मिठी मारली. मी मात्र मिठीतून सुटल्याबरोबर ट्रंकेचे झाकण खाली पाडले. जिल्ह्यातला पहिला मी आता एकटा उरलो नव्हतो. (या ग्रंथाच्या रीतीप्रमाणे मी त्यांना अहो-जाहो करतो आहे. समोरासमोर आजही आमचे 'अरे दस्त्या, अरे अनंता' असेच चालते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे प्रशिक्षक माथुरसर आम्हा बाराजणांना एका छोट्या विमानाभोवती फिरवत होते. उड्डाणाआधी वैमानिकाने विमानाला पूर्ण फेरी मारून प्रत्येक भाग स्वतः तपासायचा असतो. पंखा, पंख, शेपटी, तेल, इंधन, सगळे. टायर नुसता डोळ्यांनी नीट पाहिला की झाले. कॅप्टनसाहेबांची पाळी आली तेव्हा ते टायरपाशी उकिडवे बसले, बोटांच्या पेरांनी टायरवर टकटक केली आणि कान लावून ऐकू लागले. नळदुर्गच्या दुकानात त्यांचे वडील ट्रकचा टायर असाच ठोकून हवा सांगत असत, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते. माथुरसर ओरडले, "टायर है वो, तबला नहीं!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, आणि त्याच दुपारी त्यांचे नाव 'पंक्चर' ठेवले, तेही मीच. दुसऱ्या कुणी असते तर खोलीत जाऊन तोंड लपवले असते. यांनी संध्याकाळपर्यंत टोपीच्या आत शाईने ते नाव लिहून टाकले आणि मला म्हणाले, "बेस नाव दिलंस. अब्बाला पत्रात कळवतो."

सांगायचा मुद्दा असा की त्यांना कमीपणा देणे मला कधी जमलेच नाही. प्रयत्न मी पुष्कळ केले.

अभ्यासात मी त्यांच्या पुढे होतो. दिशाशोधनाच्या परीक्षेत माझा पहिला नंबर, त्यांचा सातवा की आठवा. पण एकट्याने लांबची उड्डाणे सुरू झाली आणि माझे सगळे गणित बिघडले. त्या उड्डाणांत दोन परगावच्या धावपट्ट्यांवर उतरायचे, तिथल्या माणसाची सही घ्यायची आणि परत यायचे. मी ठरल्या वेळी जाई, ठरल्या वेळी येई. होकायंत्र, घड्याळ, इंधनाचा काटा आणि मांडीवरचा नकाशा, एवढेच मी पाही. वाटेत काय दिसले असे कुणी विचारले तर मला सांगता येत नसे. साहेब परतले की वसतिगृहाच्या व्हरांड्यात खुर्च्या ओढल्या जात. नदीने कुठे वळण बदलले आहे, कुठल्या गावात बाजाराचा दिवस होता, विटांच्या भट्ट्यांचा धूर कसा एका बाजूला पडत होता, हे सगळे ते तास-तास सांगत. एका धावपट्टीवरच्या रखवालदाराने त्यांना भजी खाऊ घातली आणि त्या तेलाच्या डागाखाली त्यांच्या नकाशावरची नदीच गायब झाली. माथुरसरांनी नकाशा उन्हाकडे धरून विचारले, "ये नदी कहाँ गई?" यावर साहेब शांतपणे म्हणाले, "सर, ऊपर से तो दिखती है." शिक्षा म्हणून त्यांना नवा नकाशा हाताने काढावा लागला. तोही त्यांनी इतक्या आवडीने काढला की सरांनी तो वर्गात लावला. माझ्या स्वच्छ नकाशाकडे कुणी बघितले नाही.

सुटीच्या दिवशीही तेच. आम्ही झोपा काढत असू आणि हे पहिली मिळेल ती बस पकडून कुठेतरी जाऊन येत. एकदा चुकीच्या बसमध्ये बसले आणि भलत्याच गावी पोचले, तर त्याचीही कथा झाली. ते वैमानिक झाले हे मी कधीतरी पचवले असते. ते मजेने वैमानिक झाले, हे मला आजवर पचलेले नाही.

आता माझ्या कानांविषयी. परंडा, तुळजापूर, धाराशिव इथल्या पुष्कळ लोकांना ठाऊक आहे की अनंत देशपांडे वैमानिक व्हायचे, पण कानात दोष निघाला आणि बिचाऱ्यांना परत यावे लागले. ही हकिकत मीच पसरवली. खरे काय घडले ते असे. एका लांबच्या उड्डाणात हवा धुरकट झाली आणि मी वाट चुकलो. वीस मिनिटे मला खालची एकही खूण ओळखू आली नाही. शेवटी रेल्वेचे रूळ दिसले, त्यांच्यावरून गाव लागले आणि मी सुखरूप उतरलो. झाले काहीच नव्हते. पण त्यानंतर विमानाजवळ गेलो की माझे तळहात भिजायचे. हे मी कुणालाही सांगितले नाही, सरांना नाही आणि समोरच्या खाटेवरच्या माणसाला तर नाहीच. जो माणूस रोज व्हरांड्यात आकाशाची मौज सांगतो, त्याच्यापुढे मी घाबरलो असे कसे म्हणणार? महिन्याभरात मी राजीनामा लिहिला आणि सगळ्यांना सांगितले, कान.

ट्रंक बांधत होतो तेव्हा साहेब शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अनंता, कान तर बरं हायत तुझं."

"नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बरं. मंग कानच." एवढे बोलून त्यांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि स्टेशनपर्यंत पोचवली.

त्या दिवसापासून आजवर त्यांनी हा शब्द पाळला आहे. पुढे ते एका मोठ्या विमान कंपनीत लागले, कॅप्टन झाले, जगभर हिंडले. जिल्ह्यात त्यांचा सत्कार झाला की व्यासपीठावरून हटकून म्हणतात, "आमचे अनंतराव माझ्यापेक्षा हुशार पायलट होते, पण कानानं घात केला." मग सगळी सभा माझ्या कानांकडे हळहळून बघते. ते माझी लाज झाकत होते आणि मी पहिल्या रांगेत बसून चडफडत होतो, कारण मोठेपणाही पुन्हा त्यांनाच मिळत होता.

त्यांनी केलेले उपकार सांगायचे तर पाने पुरणार नाहीत. माझी पत्नी शैला हिचे सोलापूरला ऑपरेशन झाले तेव्हा ते परदेशातून रात्रंदिवस प्रवास करून आले आणि दवाखान्याच्या बाकावर डबा घेऊन तीन दिवस बसले. तिला घरी न्यायला गाडी आली तर आधी गाडीचे चारही टायर ठोकून पाहिले आणि एकात हवा भरायला लावूनच तिला आत बसवले. आपल्या भागातल्या ज्या मुलामुलींना वैमानिक व्हायचे आहे, त्यांचा अभ्यास ते विमानतळावर बसल्या बसल्या फोनवरून घेतात. मोठ्या विमानाची फेरी सहकाऱ्यावर सोपवता येत असली तरी ती ते स्वतः मारतात, आणि तिथेही टायरवर टकटक करतात असे ऐकले आहे. दर वर्षी ते मला म्हणतात, "एकदा माझ्या विमानात बस की रे." मी कानाला हात लावून दाखवतो.

या एका थापेपायी मी जन्मात पुन्हा विमानात बसलेलो नाही. मुलगी बेंगळुरूला असते, तिच्याकडे आम्ही कुर्डुवाडीहून रेल्वेने जातो. शैलाला विमानात बसायची फार हौस, पण नवऱ्याचे कान नाजूक म्हणून तिने कधी हट्ट धरला नाही. उलट थंडीत रोज कोमट तेल घालून वर कापूस लावते. त्या कापसातून मला तिचे बोलणेही नीट ऐकू येत नाही.

गेल्या हिवाळ्यात साहेब आमच्या शाळेत मुलांशी बोलायला आले. मी निवृत्त झालो असलो तरी पहिल्या रांगेत होतोच. सातवीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, तुम्हाला विमानात कधी भ्या वाटलं का?" मला वाटले, आता काहीतरी गमतीचे सांगतील. ते म्हणाले, "व्हय, वाटलं की. शिकत असताना एकदा धुरात वाट चुकलो. हात असे ओले झाले की दांडा हातातनं सटकाय लागला. उतरल्यावर शेडच्या मागं जाऊन ओकलो. कुणाला सांगितलं न्हाय. लई दिवस भ्या वाटायचं."

मी बसल्या जागी हिशेब केला. हवा धुरकट झाली तो एकच महिना होता, आणि त्यात साहेबांचे लांबचे उड्डाणही एकच झाले होते. मी वाट चुकल्यानंतर आठवडाही झाला नसेल. त्या संध्याकाळी ते खिशातून पेरू काढून आम्हाला वाटत होते, उतरलेल्या गावच्या पेरूच्या बागांचे वर्णन करत होते, आणि मी खाटेवर बसून मनात म्हणत होतो की याला भीती कशी ती ठाऊकच नाही. दोघेही एकाच गोष्टीवर गप्प होतो, चार हातांच्या अंतरावर.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना मैदानाच्या कडेला गाठले. "दस्त्या, मग ते पेरू? ती बागेची गोष्ट? सगळी बनवाबनवी होती?"

"न्हाय रे," ते म्हणाले. "पेरू खरंच होते. बाग पण खरीच. भ्या पण खरं आणि पेरू पण खरं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पहिला नंबर. वाटलं, तुला सांगितलं तर हसशील." मग माझ्या स्कूटरपाशी बसून त्यांनी मागच्या टायरवर पेरे आपटली. "हवा कमी हाय. भरून घे."

त्यांचे नाव 'पंक्चर' ठेवून सगळ्यांत मोठ्याने हसणारा मीच होतो. मला न सांगण्याचा दोष त्यांचा नाही. मी हेवा करण्यात इतका गुंतलो की समोरच्या खाटेवरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. तो विचारला असता तर मी वैमानिक झालो असतो की नाही, सांगता येत नाही. ट्रंक मात्र इतक्या लवकर बांधली नसती.

म्हणून या ग्रंथात, सगळ्या जिल्ह्यादेखत लिहून देतो की माझ्या कानांत कधीही, कसलाही दोष नव्हता. मी घाबरलो होतो. दस्तगीरसाहेबांनी आजवर व्यासपीठांवरून जे सांगितले ते खोटे होते आणि ते त्यांनी माझ्यासाठी सांगितले. त्यांची आता यातून सुटका करतो.

लेख समितीकडे देण्याआधी शैलाला वाचून दाखवला.  ती फळीवरची तेलाची बाटली खाली घेऊन म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी हे कुणाच्या कानांत ओतलं?" रात्रीच्या जेवणापर्यंत तिने अबोला धरला आणि जेवताना एवढेच सांगितले की बेंगळुरूच्या विमानात खिडकी तिची. मला तिचाही हेवा वाटला.

कॅप्टनसाहेब, आता दर सहा महिन्यांनी तुमची तपासणी होत असेल. डोळे, हृदय, रक्तदाब, सगळे ठणठणीत ठेवा. गोड कमी खा, नळदुर्गच्या धाब्यांवरचे तळलेले तर अजिबात नको. तुम्ही शंभर वर्षे जगावे ही सर्वांची इच्छा आहेच. माझी त्याआधीची, जरा स्वार्थी इच्छा अशी, की निवृत्तीआधी एकदा मला आणि शैलाला तुमच्या विमानातून न्यावे. माझे तळहात भिजतील, पण या वेळी मी तसे सांगेन. विमान सुरू करण्याआधी खाली उतरून तो टायर तेवढा ठोका. मी शिडीपाशी उभा राहून ऐकेन. कान बरे आहेत माझे.