साडूंचा लाकडी बेडूक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या समस्त माशांनी एकत्र येऊन कुणाचा जाहीर सत्कार करायचं ठरवलंच, तर तो आमच्या साडूंचा होईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शाल, श्रीफळ आणि वर फेटा. कारण इतकी वर्षं हातात गळाची काठी घेऊन पाण्याकाठी उभा राहिलेला, आणि तरीही एकाही माशाच्या केसाला धक्का न लावलेला माणूस पंचगंगेच्या दोन्ही तीरांवर दुसरा सापडायचा नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत टूलरूमला आहेत. चांगला सरळमार्गी माणूस होता. सकाळी पाळीला जायचं, संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा, रविवारी मटण. पण एका पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले, पायाला प्लास्टर बसलं, आणि वेळ जाईना म्हणून आक्कांनी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्या मोबाइलमध्ये त्यांना एक गोरा अमेरिकन भेटला. तो तळ्यात होडी घालून रबरी अळीवर, पत्र्याच्या तुकड्यावर, प्लास्टिकच्या बेडकावर बास नावाचे मासे धडाधड काढत होता. खरं आमिष नाहीच, सगळा खोटा माल. त्याला तिकडं ल्युअर म्हणतात, साडू लूर म्हणतात. महिनाभर साडू त्या गोऱ्याच्या संगतीत राहिले. प्लास्टर काढलं तेव्हा पायाचं हाड नीट जुळून आलं होतं, पण डोक्यातलं काहीतरी जागेवरून सरकलं ते सरकलंच.

“साडूभाऊ, आपल्याकडं बास मिळत नाही,” मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो.

“न मिळंना का! मरळ हाय की आपली!” साडू म्हणाले. “बास म्हंजे अमेरिकेतली मरळच समजा. दोघींचा सोभाव सेम. तापट. भूक नसली तरी नुसत्या रागानं तोंड मारत्यात.” मरळ म्हणजे गढूळ तळ्यात शेवाळाखाली दबा धरून बसणारा, सापासारख्या तोंडाचा मासा, चवीला एक नंबर, आणि आजारी माणसाला ताकद आणणारा म्हणून आमच्याकडे त्याला फार मान. साडूंनी एकदा मरळ आणि बास यांची सोयरीक जुळवल्यावर पुढं पत्रिका बघायचं कुणाचं धाडस झालं नाही.

पहिला बळी गेला तो आक्कांच्या चमच्यांचा. लूरमध्ये ‘स्पून’ नावाचा एक प्रकार असतो, हे साडूंना त्या गोऱ्याकडून कळलं, आणि त्यांनी ते शब्दशः घेतलं. आक्कांच्या रुखवतातला स्टीलच्या चमच्यांचा डबा त्यांनी कारखान्यात नेला, दांडे कापले, भोकं पाडली, घासूनपुसून आरशासारखे चकचकीत केले. त्यानंतर त्या घरात पाहुण्यांना कांदेपोहे आले की शेजारी भात वाढायचा डाव यायचा. मी स्वतः त्या डावानं पोहे खाल्ले आहेत. तोंड भाजतं, पण एका घासात बशी संपते. आक्का कपाळाला हात लावून म्हणायच्या, “चमचे गेले त्याचं दुक्क न्हाय ओ, पर एक तरी मासा त्यास्नी बघून हसला म्हणून सांगा!”

मग आला गळ फेकायचा सराव. गोरा म्हणे शंभर फुटांवरच्या पानावर बेडूक अलगद ठेवतो. साडूंनी आपल्या पेठेतल्या बोळात, समोरच्या विजेच्या खांबाखाली एक घमेलं ठेवलं आणि त्यावर नेम धरायला सुरुवात केली. घमेलं सोडून सगळीकडं तो बेडूक पडला. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर पडला, एका स्कूटरवाल्याच्या डबल-सीटवर पडला, आणि एका संध्याकाळी, जिथं गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध विकतात त्या दुधाच्या कट्ट्याकडं निघालेल्या म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात जाऊन बसला. म्हैस आपल्या चालीनं पुढं, दोरा सुटत चाललेला, रीळ करकरतंय आणि साडू काठी उंच धरून मागं मागं. दोरा तोडून टाका म्हणावं तर बेडूक परदेशी, मागवलेला. त्यामुळं पेठेतून कट्ट्यापर्यंत ही वरात निघाली. कट्ट्यावर पोचल्यावर गवळ्यानं आधी म्हशीकडं बघितलं, मग दोऱ्याकडं, मग साडूंकडं. “पावणं,” तो म्हणाला, “म्हैसच पायजे हुती तर तोंडानं मागायची की. दाव्यासकट दिली असती!” भोवतीच्या लोकांनी हातातलं दूध सांडेपर्यंत हसून घेतलं. साडूंनी मात्र शांतपणे बेडूक सोडवला आणि घरी येऊन मला सांगितलं, “एक कळलं. गळ पक्का बसतोय.”

आवाज करणारा लूर जास्त चालतो, हे ज्ञान त्यांना नंतर झालं. आता आवाज म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? साडू सरळ चपला शिवणाऱ्या कारागिराकडं गेले आणि त्याला करकर वाजणाऱ्या कातडी चपलेसारखाच करकर वाजणारा कातडी बेडूक शिवायला सांगितला. त्या कारागिरानं आयुष्यात जावळाच्या पोरापासून पैलवानापर्यंत सगळ्यांच्या पायांची मापं घेतली होती, बेडकाची पहिल्यांदाच घेतली. बेडूक झाला मात्र देखणा. वर लाल गोंडासुद्धा होता. कळंब्याच्या बाजूच्या एका खाणीत आम्ही त्याला पाण्यात सोडला. तो दोनदा करकरला, पाणी प्यायला, फुगला आणि सगळ्यांच्या देखत बुडाला. बेडूक बुडून गेल्याची ही जगातली पहिलीच घटना असावी. परतताना साडूंनी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवली. मी सांत्वनाला म्हणालो, “तेल कमी पडलं असेल कातड्याला.” तर लगेच मागं वळून म्हणाले, “व्हय की नाय? मला बी तेच वाटलं!” त्यांना दुःखात फार वेळ ठेवता येत नाही.

शेवटी त्यांनी लाकडाचा बेडूक केला. लेथवर घोटून, पोटात छर्रे भरून, सायकलच्या ट्यूबचे पाय लावून. आणि इथं आमचे सासरे या गोष्टीत येतात.

सासरे गगनबावड्याच्या रस्त्याला, भातशेतीतले. गावतळ्यावर बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन बसले की घरी मासा येणार, हे ठरलेलं. ते बोलायचे थोडं आणि हसायचे त्याहून थोडं. साडूंनी मोठ्या उमेदीनं त्यांच्यापुढं लाकडी बेडूक ठेवला. म्हाताऱ्यानं तो उलटापालटा करून बघितला आणि परत केला. “पावणं, काम झ्याक केलंय. पर आसल्यावर धरलेला मासा म्या खानार न्हाय.”

“का ओ मामा?”

“त्येला मरताना तरी पोटात कायतरी पडाय पायजे का नगं? फसवायचं बी आन उपाशी बी मारायचं?”

त्या दिवसापासून साडूंना एकच ध्यास लागला. मासा धरायचा तो आता नुसता धरायचा नाही, सासऱ्यांच्या ताटात वाढायचा. वास्तविक आम्ही दोघंही त्या घरचे जावई. पण मी बँकेतला, मला म्हाताऱ्याच्या मर्जीची फिकीर नव्हती, किंवा नसल्याचं सोंग मला बरं जमत असे. साडूंना ते जमत नाही. लहानपणी वडील गेलेले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासऱ्यांनी आपल्याला ‘बरं केलंस’ म्हणावं, असं त्या माणसाला अजून वाटायचं. मी त्यांना त्यावरूनही चिडवत असे.

मग एका आषाढात सासरे आजारी पडले. ताप उतरला, पण अन्नावरची वासना जी गेली ती परत येईना. भाताचा घास तोंडात फिरवत बसायचे आणि ताट सारायचे. दिवसेंदिवस माणूस वाळत चाललेला. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालंय, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. सासूबाईंनी सगळं करून बघितलं. शेवटी आम्ही सगळे जमलो असताना त्यांनी विचारलं, “मरळीचं कालवण केलं तर खाशीला?” म्हाताऱ्यानं डोळे उघडले, कोपऱ्यात बसलेल्या साडूंकडं बघितलं आणि ओठ किंचित हलवत म्हणाले, “ह्या पावण्यानं लाकडावर धरून आणली तर खाईन.”

थट्टाच होती ती. पण आजारपणात त्यांनी केलेली पहिलीच थट्टा, त्यामुळं घरात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी साडूंकडं बघितलं. त्यात आवस तोंडावर आलेली. आवस झाली की श्रावण, आणि श्रावणात त्या घरात मासा शिजणं शक्य नाही. बाजारातून मरळ आणून हीच ती म्हणून वाढावी, असं मी सुचवलं. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलून पावसाचा काढला.

साडूंनी रजा टाकली आणि तळ्यावर ठाण मांडलं. गगनबावड्याकडचा पाऊस, तो पडत नाही, तो राहायलाच येतो. इरलं पांघरून साडू काठावर उभे, बेडूक शेवाळावरून टुणटुण येतोय, परत जातोय. चमचे झाले, रबरी अळी झाली, फिरकी झाली, पुन्हा बेडूक. आवसेच्या दिवशी दुपारी मीही छत्री घेऊन गेलो. मदत करायला नाही, घरातल्या तोंडांकडं बघवत नव्हतं म्हणून. आक्का आणि सासूबाईंनी कालवणाचं वाटण सकाळीच करून ठेवलं होतं.

आणि ती आली. शेवाळ फाटलं, पाण्यात कुणीतरी दगड टाकावा तसा आवाज झाला आणि बेडूक नाहीसा झाला. काठी कमानीसारखी वाकली. इतक्या दिवसांत व्हिडिओ बघून पाठ केलेलं सगळं इंग्रजी साडू विसरले आणि नुसतं “आगं आयाई! आगं आयाई!” म्हणत मागं सरकत राहिले. मी छत्री टाकली आणि चिखलात उतरून ती मरळ दोन्ही हातांनी कवटाळली. हाताएवढी लांब, काळीशार, जबड्यात लाकडी बेडूक घट्ट धरलेला. मी ओरडलो, “साडूभाऊ, जिंकलात!” पण साडू माझ्याकडं बघत नव्हते. ते पाण्याकडं बघत होते.

शेवाळ जिथं फाटलं होतं तिथं पाणी तांबडं दिसत होतं. बघितलं तर बारीक बारीक पिल्लं, शेकड्यांनी, कुंकू सांडल्यासारखी, श्वास घ्यायला वर येत होती आणि सैरभैर फिरत होती.

“ही खायाला न्हाय आलती,” साडू म्हणाले. “बेडूक पोरांवर आला म्हणून धुडकवाय आलती.”

“असू दे ओ. मामा तिकडं उपाशी आहेत,” मी म्हणालो. मी रागावलो होतो, आणि घाबरलोही होतो. “उद्या श्रावण. परत संधी नाही.”

“ठावं हाय मला.” साडू चिखलात उतरून माझ्याजवळ आले. “पर हिला न्हेऊन त्यांच्या ताटात कशी वाढू? तोंडानं काय सांगू?” त्यांनी चिमट्यानं गळ काढला. वेळ लागला, कारण मरळीचा जबडा त्यांना फाडायचा नव्हता. मग मरळ पाण्यात धरून ठेवली. ती क्षणभर थांबली आणि शेपटीचा एक तडाखा साडूंच्या तोंडावर मारून गेली. तांबडा ठिपका हळूहळू पुन्हा एकत्र झाला आणि तिच्यामागून सरकत गेला. साडू चिखलातच बसले. पाऊस होता म्हणून बरं, मला त्यांच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही.

घरी आलो ते रिकाम्या हातांनी. साडू ओलेच सासऱ्यांच्या अंथरुणापाशी जाऊन उभे राहिले आणि शाळेतल्या पोरानं मार खाण्याआधी बोलावं तसं भडाभडा सगळं बोलून गेले. म्हातारा ऐकत होता. मग त्यानं एवढंच विचारलं, “बेडूक आख्खा गिळलेला का आडवा धरलेला?”

“आडवा. दातात.”

“मंग लेकुरवाळीच ती.” सासरे कोपराचा आधार घेऊन उठून बसले. कितीतरी दिवसांनी ते आपले आपण उठत होते. त्यांनी साडूंच्या ओल्या मनगटाला हात लावला. “बरं केलंस बाबा. म्या बी सोडलीच आसती.” आणि मग स्वयंपाकघराकडं बघून म्हणाले, “आगं, वाटण केलंयस न्हवं? मंग घाल की कालवण.”

“आवो, पर मासा?” सासूबाई म्हणाल्या.

“मासा तळ्यात हाय. रस्सा तर खातो!”

त्या संध्याकाळी त्या घरात माशाशिवाय माशाचं कालवण झालं. तिखटजाळ, तांबडं, कोकमाचं. म्हाताऱ्यानं ते भातावर ओतून घेतलं आणि खाल्लं. घाम पुसत खाल्लं, आणि ताटली पुढं करून आणखी मागितलं. आक्का पदर तोंडाला लावून आत पळाल्या. जेवता जेवता सासऱ्यांनी साडूंना जवळ बोलावून तळ्यातली एक जागा सांगितली, जिथं पोरांच्या झंझटीतून मोकळ्या झालेल्या म्हाताऱ्या, दांडग्या मरळी बसतात. ती जागा त्यांनी आपल्या सख्ख्या मुलांनाही कधी सांगितली नव्हती. मी कान टवकारून बसलो होतो, पण मला ऐकू आलं नाही, आणि मला वाटतं, ऐकू येऊ नये असंच ते बोलले होते.

सासरे त्यानंतर भाताच्या आणखी दोन सुग्या बघून गेले. साडू अजून तळ्यावर जातात, अजून काही मिळत नाही, आणि अजून दर रविवारी माशाचं जेवण सांगतात. आक्का न चुकता अंडी उकडून ठेवतात. मागच्या महिन्यात मी साडूंबरोबर काठावर बसलो होतो. दिवसभर बेडूक रिकामा येत होता. मी वैतागून म्हणालो, “साडूभाऊ, मामांनी सांगितलेल्या जागी एकदा टाकून तरी बघा.”

साडूंनी दोरा गुंडाळला. बेडकाच्या अंगावरचं शेवाळ बोटानं काढलं.

“नगो,” ते म्हणाले. “तितं मामा बसत्यात.”