फ्लॉपीवरचं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर पुन्हा एकदा गिळून टाकलं असतं.

आमच्या घरात एक चेष्टेचा विषय आहे. कॉम्प्युटरवर मी काहीही केलं — लोणच्याची कृती का असेना — की त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवते, दुसरी दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आणि तिसरी बहिणीच्या कपाटात, तिच्या साड्यांखाली. बहीण म्हणते, हिचं चाललं तर ही नवऱ्याचीसुद्धा एक प्रत काढून माझ्याकडे ठेवील. सगळे हसतात, मीही हसते. ही बाई फार जपून वागणारी, असं लोकांना वाटतं. वाटू दे. जपून वागणारी बाई वेगळी आणि घाबरलेली बाई वेगळी, एवढं मला कळतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. धरमपेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. मशीन एकच. त्यात हार्ड डिस्क नाही, जोडीला प्रिंटर नाही. जे काही असेल ते फ्लॉपीवर — तळहाताएवढी काळी, चौकोनी, जरा वाकवली तरी जीव घाबरा करणारी वस्तू. मी पंचविशीची, बिनलग्नाची, आणि गल्लीत 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणून माझा रुबाब होता. खोलीबाहेर चपला काढल्याशिवाय कुणाला आत घेत नसे. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत कूलर लावू देत नसे, ओलाव्यानं मशीन बिघडेल म्हणून. मुलंमुली घामाघूम होऊन शिकायची आणि मला मानायची. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एक गोष्ट घोकायला लावायची. फ्लॉपीचा भरवसा धरू नका, तिची नक्कल काढून ठेवा. एका लेबलवर 'खरी' लिहा, दुसऱ्यावर 'नक्कल', आणि नक्कल दुसऱ्या घरी ठेवा. मशीनला दोन खाचा होत्या, एकीखाली एक. वर भरलेली फ्लॉपी घालायची, खाली कोरी. हुकूम दिला की वरचं सगळं खाली उतरतं. आणि उलटं घातलं तर? तर कोरेपण भरलेल्या फ्लॉपीवर उतरतं, तितक्याच इमानानं. म्हणून खरीच्या कडेला एक छोटी चिकटपट्टी लावायची. ती असली की मशीन त्या फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही. 'वर भरलेली, खाली कोरी' — सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा.

हेडाऊ मास्तरही म्हणायचे. मुलांच्या मागे भिंतीला टेकून, हळू आवाजात.

मास्तर उमरेडचे. विणकाम शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. धोतर, पांढरा सदरा आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत ग्राफचे पिवळे पडलेले कागद — त्यांच्या वडिलांनी आणि त्यांनी स्वतः विणलेल्या लुगड्यांच्या किनारींचे. एक चौकोन म्हणजे एक धागा. कागदांना वाळवी लागली होती. मास्तर तिला उधई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनकडे बघून मला विचारलं, "हे उधई पोथीबी खाते, किनारबी खाते. तुमच्या या डब्ब्यात तं शिरत नाही ना जी?" मी हसून म्हटलं, नाही शिरत. मग ते दर गुरुवारी एस.टी.नं येऊ लागले.

ते वाचायचे — दोन भरीव, एक खाली, तीन भरीव — आणि मी भरीवला फुली आणि खालीला, म्हणजे रिकाम्याला, टिंब दाबत जायची. अशी ओळीवर ओळ. पहिली किनार पुरी झाली आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटली, तेव्हा मास्तरांनी तिला हात जोडले. मला तेव्हा आतून हसू आलं होतं.

त्यातल्या एका किनारीचं नाव होतं मुंगी. मास्तरांचे वडील एकदा तापानं पडून होते, भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग दिवसभर बघत. बरे झाले आणि उठून त्यांनी ती रांग मागावर चढवली. विकायला नाही, एकच लुगडं विणलं, मास्तरांच्या आईसाठी. ते लुगडं कधीच विरून गेलं होतं. उरला होता तो एक कागद, आणि त्याचाही एक कोपरा खाल्लेला. त्या कोपऱ्यातले धागे मास्तरांनी कागदावर बोट ठेवून, डोळे मिटून मला सांगितले होते.

अकरा महिने आम्ही ते काम केलं. मास्तरांची लेक भिवापूरला दिलेली. तिच्याकडच्या लाल मिरच्या ते पुडीत बांधून आणायचे आणि आमची आई शिंकत शिंकत त्यांना दुवा द्यायची. चौसष्ट किनारी झाल्या. खरी माझ्याकडे, नक्कल उमरेडला त्यांच्या देवघरात.

आता कागदांचं. हेही माझंच. शेवटच्या किनारी मशीनमध्ये घालून झाल्या त्या गुरुवारी मीच त्यांना म्हटलं — हे कागद आता कशाला ठेवता? घरात राहिले तर वाळवी बाकीचंही खाईल. किती सहज म्हटलं! वडिलांच्या हातचे कागद मास्तर रद्दीत कसे टाकणार? जीर्ण झालेली पोथी पाण्यात सोडतात, तसे त्यांनी ते सर्वपित्री अमावास्येला, वडिलांचं पान वाढून झाल्यावर, नदीत सोडले. पुढच्या वेळी मला ते सांगताना त्यांचा चेहरा हलका झालेला होता. ओझं उतरलं, म्हणाले.

त्यानंतर आली खंडेनवमी. कारागीर त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करतात. मास्तर घरच्या मागाची पूजा करून, पहिल्या बसनं, कुंकवाचा करंडा आणि ती नक्कल घेऊन आले. शेवटच्या तीन किनारी नकलेत अजून उतरल्या नव्हत्या. नवी नक्कल काढली की काम संपणार होतं. मीही त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ घातली होती. एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता — कॉम्प्युटरची पूजा करणाऱ्या बाईंचा फोटो काढायला. नवी साडी, गजरा, सगळं झालं होतं.

"बाई, यायलेबी लावू का?" मास्तरांनी दोन्ही फ्लॉप्यांकडे बोट दाखवून विचारलं.

लावा की, मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं, लक्षात ठेवा. त्यांनी पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू, अनामिकेनं, दोन्ही लेबलांच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं. फ्लॉपीच्या खालच्या बाजूला एक फट असते, तिथून आतली चकती उघडी दिसते; तिथे बोट लागू द्यायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मग ते पेढे आणायला गेले. काम पुरं होणार म्हणून.

पुढचं सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तेव्हाही नाही लागली. मी आधी नक्कल पुसून साफ केली — गरज नव्हती, माझी टापटीप. मग दोन्ही फ्लॉप्या मशीनमध्ये सरकवल्या आणि हुकूम देऊन आरशासमोर गेले, गजरा नीट करायला. चिकटपट्टी? तिचं पाकीट कपाटात होतं, कोण उठणार! मशीन घरघरत राहिलं. परत आले तेव्हा पडद्यावर लिहून आलं होतं की प्रत पूर्ण झाली. मी यादी मागितली. यादी रिकामी. दुसऱ्या फ्लॉपीची मागितली. तीही रिकामी.

वर कोरी घातली होती मी, आणि खाली भरलेली.

चूक कुणाच्या हातून होत नाही? तसं म्हणून मीही सुटले असते. मास्तर आल्यावर सरळ सांगायचं होतं, मास्तर, माझ्या हातून गेलं. ते खाली बसले असते आणि मग मलाच पाणी द्यायला सांगितलं असतं त्यांनी आईला. असे होते ते. त्यांच्या रागाची भीती मला नव्हतीच. मला भीती होती बाईंची — त्या नव्या साडीतल्या, माळ घातलेल्या मशीनजवळ उभ्या राहणार असलेल्या बाईंची. बाईंकडून असं होऊन कसं चालेल?

मास्तर पेढ्याची पुडी घेऊन दारात आले आणि मी म्हटलं, मास्तर, कुंकू आत गेलं. चकतीला कुंकू लागलं, सगळं पुसलं गेलं. आणि खरी फ्लॉपी त्यांच्यापुढे धरून फटीतला लाल कण त्यांना दाखवला.

त्यांनी कण पाहिला. मग स्वतःचं बोट पाहिलं. ते अजून लाल होतं.

"म्हंजे माह्या हातानं झालं का जी?"

मी हो म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. मी त्यांची समजूतही घातली. तुम्हाला काय माहीत होतं, मनाला लावून घेऊ नका, असं म्हटलं. त्यांना मी माफ केलं! आणि ते माझीच क्षमा मागत होते. "तुमची सारी मेहनत गेली ना जी माह्यापायी," असं दोनदा म्हणाले. पेढे टेबलावर ठेवून ते बसस्टँडकडे चालत गेले. थोड्या वेळानं फोटोग्राफर आला. दसऱ्यानंतरच्या अंकात फोटो छापून आला, त्यात मी छान हसले आहे.

पुढल्या वर्षी खंडेनवमीलाच मी उमरेडला गेले होते. कशाला? सांगायला, असं स्वतःला बजावत गेले होते. त्या आळीत घराघरांत मागांना झेंडूची फुलं, हळदीकुंकू. मास्तरांचा माग मोकळा होता. मी विचारायच्या आधीच त्यांची सून हळू आवाजात म्हणाली, "बाबा पूजेले हातच लावून नाही राहिले. आमालेबी लावू देत नाही. म्हणतात, माह्या हाताले पूजा मानवत नाही."

मास्तर पडवीत नवा ग्राफचा कागद घेऊन बसले होते. आठवून आठवून त्यांनी चाळीसेक किनारी परत उतरवल्या होत्या. मुंगी येत नव्हती. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सारं बसते जी, एक पाय चुकते." वडिलांचा कागद समोर नव्हता, आणि खाल्लेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून, डोळे मिटून धागे आठवणारा माणूसही आता स्वतःच्या बोटावर भरवसा ठेवत नव्हता. मी चहा प्यायले. मिरच्यांची पुडी घेतली. चारच्या बसनं परत आले.

काही वर्षांनी ते गेले. तोवर मुंगी आली होती का, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

त्या दोन्ही फ्लॉप्या माझ्या कपाटात आहेत. त्या वाचणारं मशीन आता घरात नाही, आणि वाचायला त्यांच्यात काही नाहीच. कधीतरी काढून बघते. लेबलाच्या कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका अजून आहे, विटकरी झालेला. ठिपका आणि ती फट यांत चार बोटांचं अंतर आहे. मी मोजलं आहे. कुंकू वाळलेलं होतं, ते ओघळलंही नव्हतं.

मग फटीत लाल कण कुठून आला?

मघापासून याच एका गोष्टीभोवती घिरट्या घालतेय. फ्लॉप्या रिकाम्या निघाल्या आणि मी तशीच बसले होते. तेवढ्यात पायऱ्यांवर मास्तरांची चाहूल लागली. ते लगेच आत आले नाहीत. माझा नियम होता ना — पुडी एका हातात धरून, वाकून, सावकाश, ते बाहेर चपला काढत होते. तेवढा वेळ मला पुरला. मी लेबलावरचं कुंकू नखानं खरवडलं आणि फटीत सोडलं.

त्यांचं बोट कोपऱ्यावरच थांबलं होतं.