मी गोड करून सांगितलं

"तू मागे बस. तुझ्या अंगाला मोहाचा वास येतो."

साहेब हे ड्रायव्हरसमोर म्हणाले. मी जीपमध्ये मागे, स्टेपनीजवळ जाऊन बसलो. अकरा वर्षं मी मोहाची दारू तोंडाला लावलेली नाही. कचेरीत कोणी नाक मुरडू नये म्हणूनच सोडली. त्या सकाळी दोनदा साबण लावून आंघोळ केली होती. तरी मागे बसलो, आणि वरून हसलो. ते हसणं मला अजून सलतं.

मी तालुक्याच्या कचेरीत बाबू आहे. माडिया आदिवासी घरातला, आश्रमशाळेत शिकलेला. गावात सभा असली की साहेब मला दुभाषा म्हणून नेत. साहेबांना माडिया येत नाही, गावाला मराठी येत नाही, असं सगळे धरून चालत. मधे मी. माझी एक रीत होती. साहेब शिवी देत, मी ती गावाला गोड करून सांगे. गाव चिडून बोले, मी ते साहेबांना मऊ करून सांगे. भांडण होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावत असे. खरं तर नोकरी जाऊ नये म्हणून.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत लोक म्हणाले होते, खाण नको. मी सांगितलं, त्यांना विचाराला वेळ हवा आहे. कागदावर लिहिलं गेलं, विरोध नाही. आज तिथे डोंगराच्या जागी लाल खड्डा आहे. त्या गावात माझी थोरली बहीण दिली आहे. तेव्हापासून ती माझ्या घरचं पाणी पीत नाही.

त्या दिवशीचं गाव हेमलकशाच्या रस्त्यावरून आत. इथेही डोंगर, इथेही खाण. ग्रामसभेचा होकार हवा होता. लोक गोटुलासमोर, गावाच्या सभाघरासमोर, जमिनीवर. साहेब खुर्चीत. मी उभा.

एक म्हातारी उठली. म्हणाली, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या मेलेल्यांचे दगड उभे आहेत, ते कुठे नेणार? मी साहेबांना सांगितलं, जागेबद्दल थोडी शंका आहे.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "सांग या जंगल्यांना, डोंगर काय यांच्या बापाचा आहे?"

मी गावाला सांगितलं, साहेब तुमच्या पूर्वजांचा मान ठेवतात.

म्हातारी माझ्याकडे वळली. मग मराठीत बोलली.

"चाळीस वर्सं बजारात चारोळी विकून राह्यली मी. मराठी समजते मले. साहेब का बोलला तेही आयकलं, तू का सांगतलं तेही आयकलं. सोयरीक जुळवाले आला का भाऊ, एवढं गोड बोलून राह्यला?"

बाया हसल्या. जीपमध्ये हसून निभावलं होतं, इथे हसायलाही जागा उरली नाही.

मी साहेबांचं वाक्य माडियात सांगितलं. जंगली हा शब्द, बाप हा शब्द, जसाच्या तसा. हसणं थांबलं. म्हातारी आमच्या भाषेत बोलली. मी साहेबांकडे वळलो.

"साहेब, बाई म्हणते, हो, बापाचाच आहे. बापाचा दगड तिथंच उभा आहे. डोंगर देत नाही. लिहा, विरोध आहे."

"तुला नोकरी करायची आहे ना?" साहेब म्हणाले.

तेही मी माडियात सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

एकेक हात वर झाला. ठराव झाला, डोंगर देणार नाही. जीप मला न घेता गेली. मी पायी निघालो. चार दिवसांनी कचेरीची नोटीस आली, नोकरीवरून का काढू नये. ती घरात खुंटीला अडकवली आहे.

रविवारी बहिणीच्या गावी जाणार आहे. सभेत उभा राहून सांगणार आहे, तुम्ही काय बोललात आणि मी काय सांगितलं. तेच मराठीत लिहून, खाली सही करून कचेरीत देणार आहे. बहीण पाणी देवो, न देवो. माफी मागणार नाही. माफी मागणं म्हणजे पुन्हा गोड बोलणं. मी साक्ष देणार आहे.