शिट्टी काढ, तबक धर

"शिट्टी काढ. तबक धर."

एवढंच बोलले अण्णा. निपाणीत, शाळेच्या मैदानावर, शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी. सगळ्यांसमोर. माझ्या गळ्यातली शिट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढली. दोरी कानाला अडकली, कान सोलला. मंडपातल्या बायका हसल्या. त्यातली एक शर्यतीच्या अध्यक्षांची वहिनी. ती म्हणाली, "वडगावच्या मागवाल्यांची न्हवं ही? मग साडी नेसायला शिकवायला नको."

व्हय, मागवाल्यांची. आप्पा माग चालवतात, आई सुताच्या कांड्या भरते. साड्या आम्ही विणतो, मिरवतं दुसरंच कोणतरी. त्याची लाज मला कधी वाटली नाही. त्या दिवशी लाज वाटली ती अण्णांची.

अण्णा म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर. आता निवृत्त. पण बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठंही लांब पल्ल्याची शर्यत असो, मुख्य पंच तेच. मी पळायची. मग गुडघा गेला. घरात तोंड लपवून बसले होते तेव्हा अण्णा आले आणि मागाच्या खडखडाटात आप्पांच्या कानात ओरडले, "पोरगी माझ्याकडं द्या. पळता येत न्हाय तर पळणाऱ्यांचा न्याय करंल."

आणि शिकवलं. मन लावून शिकवलं, खोटं कशाला बोलू? आधी पाण्याचं टेबल. ग्लास असा धरायचा की पळणाऱ्याचा वेग तुटू नये. मग चौकात झेंडा घेऊन बस अडवायची, ड्रायव्हरच्या शिव्या मराठीत आणि कन्नडमध्ये ऐकून घ्यायच्या, पण हलायचं नाही. मग चाकाच्या काठीनं रस्ता मोजायचा. हिंडलग्यापासून उचगावपर्यंत मी चालत, अण्णा मागं स्कूटरवर. "आतल्या कडंनं मोज गं! पळणारा आतूनच कापतोय."

मग वळण.

लांबच्या शर्यतीत अर्ध्यावर वळसा घेऊन परत यायचं असतं. आमच्याकडं बुटात चिप-बिप नसते. वळणावरचा पंच प्रत्येकाला एक रबरी बँड देतो. तो मनगटात घालायचा आणि परत पळत यायचं. मनगटात बँड न्हाय, तर शर्यत न्हाय. बँडचा रंग दर वर्षी नवा, आणि तो शर्यतीच्या दिवशी सकाळीच उघड करायचा. उरलेले बँड मुख्य पंचाकडं द्यायचे, त्यानं ते जाळून टाकायचे. "बँड वळणावरच मिळतोय," अण्णा म्हणायचे. "साक्षात देव आला तरी शेवटच्या रेषेवर द्यायचा न्हाय."

मी पंचाची परीक्षा दिली. बेंगळुरूला जाऊन. पास झाले. पुढची पायरी एकच होती. एका मोठ्या शर्यतीत मुख्य पंच म्हणून काम करायचं आणि त्यावर अण्णांची शिफारस घ्यायची. "निपाणीची शर्यत तुझी," असं अण्णा आमच्या घरात बसून, आईच्या हातचा चहा पिऊन सांगून गेले. आईनं गल्लीत साखर वाटली.

आणि निपाणीत पहिला आला अध्यक्षांचा मुलगा. घाम बेताचा. मनगट मोकळं.

त्याच्या मागून सदलग्याचा एक गवंडी आला. तोंडाला फेस, पाय लटपटतायत, मनगटात जांभळा बँड. यंदाचा रंग जांभळा. मी वळणावर फोन लावला, विचारून घेतलं आणि लाल झेंडा वर केला. पहिला बाद.

अण्णा जवळ आले. आवाज खाली.

"बँड पडला असंल वाटंत. तुझ्या पिशवीत जादाचे हायत न्हवं? एक दे त्याला."

"त्यो वळणापर्यंत गेलाच न्हाय, अण्णा. फोन केला मी."

"लई शाणी झालीस व्हय गं? मंडप कुणाचा हाय, दिसंना व्हय तुला?"

"तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय. म्हणूनच मीच सांगालोय."

मी बँडची पिशवी पोटाशी आवळून धरली. शिट्टी गेली ती तेव्हा.

आता तबकाचं. आमच्याकडं बक्षीस समारंभाला तबक धरायला पोरी लागतात. नऊवारी, नथ, फेटा. पाहुणा पदक उचलतो, पोरगी हसते, फोटो निघतो. पोरीचं नाव कुणी विचारत नाही. त्या दिवशी एक पोरगी आली नव्हती. "आज एवढं कर," अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी शर्यत तुझीच."

मी गेले. शाळेच्या वर्गात साडी नेसले. पंचाचा कोट बाकावर काढून ठेवला. मला वाटलं, अण्णा चारचौघांत असं बोलले, पण निकाल काही बदलायचे न्हाईत. बापाच्या जागी मानलेला माणूस. रागावंल, पण विकला जायचा न्हाय.

तबक घेऊन स्टेजवर उभी राहिले. पहिला क्रमांक पुकारला. अध्यक्षांचा मुलगा आला. फोटोसाठी त्यानं हात उंच केला.

मनगटात बँड होता. हिरवा.

हिरवा गेल्या वर्षीचा. गेल्या वर्षी वळणावर मी होते. उरलेले हिरवे बँड मी माझ्या हातानं अण्णांच्या हातात दिले होते. जाळायला.

मी अण्णांकडं बघितलं. ते डोक्यावरचा फेटा सारखा करत होते. रंग बघायची तसदीसुद्धा घेतली नव्हती त्यांनी. बघणार कोण? बघणारीच्या हातात तर तबक दिलं होतं.

मी तबक खाली ठेवलं. पदकं फळीवर घरंगळली. निवेदकाच्या हातातला माईक घेतला. आधी मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये. हा माणूस वळणावर गेलेला नाही. याच्या मनगटातला बँड गेल्या वर्षीचा आहे.

मंडपवाल्यांनी माईक बंद केला. मग मी नुसत्या गळ्यानं ओरडले. मागाच्या घरात वाढलेय, खडखडाटावर आवाज चढवायची सवय आहे.

गर्दीतून सदलग्याचा तो गवंडी पुढं आला. "आक्का, परत सांगा."

परत सांगितलं.

पदक अध्यक्षांच्या मुलालाच मिळालं. पेपरात फोटो आला, त्यात मनगट दिसत नव्हतं. माझी शिफारस आली नाही. अण्णा आता आमच्या गल्लीतून जात नाहीत, मागच्या रस्त्यानं जातात. आई म्हणते, "जाऊन पाया पड गं, गुरू हाय." न्हाय पडणार. गुरूनंच शिकवलेलं विकलं, आता पाया कुणाच्या पडू?

पंच मी होणारच. दुसऱ्या जिल्ह्यात पाण्याच्या टेबलापासून परत सुरुवात केलीय. सुट्टीच्या दिवशी मागवाल्यांच्या पोरींना घेऊन रस्त्यावर उतरते. चाकाची काठी कशी धरायची, बस कशी अडवायची, ते शिकवते. तबक यातली एकही धरणार नाही.

निपाणीची शर्यत पुन्हा होईल. वळण सरकारी रस्त्यावर आहे, कुणाच्या मंडपात नाही. आम्ही तिथं उभ्या राहू. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. कोण वळला आणि कोण नाही, ते डोळ्यांनी बघू आणि शेवटच्या रेषेवर येऊन दोन्ही भाषांत ओरडून सांगू.

आणि अण्णा, हिरवे बँड अजून उरले असतील तुमच्याकडं. ते जाळा. नियम आहे. तुम्हीच शिकवलाय.