खिसा असलेली लुंगी

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साडीवरून त्याची चौकड्यांची लुंगी गुंडाळून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते. नर्स फार हळू बोलत होती. मी म्हटलं, मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं. तिने मोठ्याने सांगितलं. मग मी उरलेले दोन स्क्रू पिळले, लुंगी सोडली आणि उल्हासनगरला दवाखान्यात गेले. महिना झाला, शेजारणी अजून म्हणतात, बाईने आधी स्क्रू लावले. लावले. शनिवारी तो घरी येणार होता, आणि ते काम शनिवारच्या आत व्हायचं होतं.

शशी माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा तो शाळेत होता. सासूबाईंनी बजावलं, त्याला भावजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी त्याने मी माहेरून आणलेला रेडिओ उघडला, परत जोडला, आणि जोडून झाल्यावर उरलेले तीन स्क्रू माझ्या हातात दिले... तेव्हापासून तो 'अरे शशा' झाला. तो मात्र शेवटपर्यंत मला वहिनी आणि तुम्हीच म्हणत राहिला. पुढे कारखान्यात फिटर झाला, आणि संध्याकाळी उल्हासनगरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला लागला. लग्न जमलं नाही. मुलगी बघायला गेलो की हा त्यांच्या घरचा टेपरेकॉर्डर बघत बसायचा. माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो, आणि तिसरा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर.

गिटारचा आवाज मोठा करणारी ती पेटी. आत काचेचे वॉल्व्ह, लहान बाटल्यांसारखे, तापले की लाल दिसायचे. वाद्यांचं दुकान असलेला त्याचा दोस्त खेमचंद म्हणायचा, "अरे साईं, नया डब्बा ले ले. हल्का है, हाथ में उठा के चलेगा." शशी म्हणायचा, "हलकं हलकंच वाजतं." दर महिन्याला मागची फळी काढून आतली धूळ पुसायची, तारांचे सुटलेले सांधे झाळायचे, वॉल्व्ह बदलायचे, सगळं स्वतः. मेकॅनिकचा हात त्या पेटीला कधी लागला नाही. एकदा मात्र चालू पेटीत दोन्ही हात घातले, आणि उडाला तो माझ्या पिठाच्या परातीत जाऊन बसला. त्या दिवशी चपात्या झाल्या नाहीत. नंतर म्हणाला, "वहिनी, करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून गेला तर वाटेत काळीज लागतं. आत काम करताना डावा हात खिशात पाहिजे." घरात तो लुंगी नेसायचा, लुंगीला खिसा कुठला? मग मी चारही लुंग्यांना डाव्या बाजूला खिसे शिवले. सगळा जन्म त्याने काळीज असं जपलं, आणि गेला फुप्फुसांनी.

दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी पेटी खरखरायला लागली. तिथे नाकाला नळी लावून पडला तरी घोर पेटीचाच. "शनिवारी सोडणार आहेत, वहिनी. आल्या आल्या वाजवायचंय." बुधवारी फोन करून म्हणाला, तुम्हीच करा, मी सांगतो. मी चौथी शिकलेली. पण इतकी वर्षं बॅटरी धरून त्याच्यामागे उभी राहिले होते, आत काय कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला, स्पीकर लावला.

"डावा हात कुठंय?"

"खिशात."

"साडीला खिसा?"

"तुझी लुंगी गुंडाळलीय. बोल पुढे."

"आता रवीच्या दांड्याने एकेका वॉल्व्हवर हळू टिचक्या मारा."

माझी ताक घुसळायची रवी. लाकडातून करंट जात नाही म्हणून तीच उचलायचा, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. तिसऱ्या वॉल्व्हला टिचकी मारली आणि पेटी कडाकडा बोलली. "तोच!" शशी तिकडे ओरडला. नर्सही ओरडली, "काका, मास्क!" "सिस्टर, थांबा हो, वहिनी पेटी उघडून बसल्यात!" मग पेटी बंद करून थंड होऊ दिली, त्याच्या डब्यातला नवा वॉल्व्ह बसवला.

"गेली खरखर?"

"तुझ्या छातीपेक्षा कमी आहे."

हसता हसता त्याला खोकला लागला. मग म्हणाला, वाजवून दाखवा. मी उजव्या हाताने सहाही तारा एकदम ओढल्या. तो तिकडून म्हणाला, "वहिनी, एकही तार सुरात नाही."

"पेटी मी केली. सूर तू येऊन लाव."

"येतो शनिवारी."

गुरुवारी सकाळी पेटीची राहिलेली मागची फळी लावत होते, तेव्हा तो फोन आला.

तीन लुंग्या पालेगावच्या नव्या इमारतींवरच्या गवंड्यांना दिल्या. एकाने विचारलं, "मावशी, लुंगीला खिसा कशाला?" म्हटलं, तंबाखू ठेव. चौथी दिली नाही. परवा खेमचंद भेटायला आला, पेटीसमोर बसून रडला, डोळे पुसून गिटारची एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "भाभी, बेसुरी है. दो मिनिट में मिला देता हूँ."

"हात लावू नका."

"फिर बजेगी कैसे?"

वाजते की. रविवारी सकाळी मी लुंगी गुंडाळते, पहिलं बटण दाबते, वॉल्व्ह लाल होईपर्यंत थांबते, मग दुसरं. डावा हात खिशात. उजव्याने सहाही तारा एकदम. भयंकर आवाज येतो, वरची बाई खिडकी आपटून लावते. खरखर मात्र नाही.