संध्याकाळचं वजन

बोटीला इंजिन घ्यायचं म्हटलं की माणसाचा जीव मोठ्याकडेच ओढतो. त्याला इलाज नाही. भाच्याचाही ओढत होता. बोट नवीकोरी, खाडीपलीकडच्या आठ जणांना रोज सकाळी शहरात आणायचं आणि संध्याकाळी घरी पोचवायचं काम पक्कं झालेलं, आणि याच्या मनात नव्वद घोड्यांच्या ताकदीचं इंजिन घर करून बसलेलं. अडचण एकच. धक्क्यावर इंजिनं बसवायचं दुकान होतं त्याच्या सख्ख्या आत्याचं.

आत्याला सगळा धक्का ‘कमीबाई’ म्हणायचा. तिच्या तोंडावर नव्हे हं, तेवढी छाती कुणाची? नवऱ्यामागे पाने-पक्कड हातात घेतली त्याला तीस वर्षं होत आली होती. गिऱ्हाईक आलं की किती वेगात जायचंय हे ती विचारायचीच नाही. किती माणसं, एवढंच विचारायची. मग माणशी तीन, असे वीस लिटरचे भरलेले पाण्याचे कॅन बोटीत रचायची, मागे लहान इंजिन लावायची आणि गिऱ्हाइकालाच चालवायला बसवायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पुस्तकात दिलेल्या आकड्याला पोचला आणि बोट पाण्यावर उचलली गेली, की विषय संपला. मोठ्याच्या गप्पा मारत आलेले बहुतेक जण मुकाट्याने लहान घेऊन जायचे. गल्ल्यावर बसून स्वतःचाच महाग माल नको म्हणणारी दुसरी बाई भाच्याने पाहिली नव्हती. त्याला तिचा राग यायचा आणि तिच्याबद्दल अभिमानही वाटायचा, बऱ्याचदा एकाच वेळी.

नव्वदचं नाव काढताच तिने त्याला बोटीच्या मागच्या फळीपाशी उकिडवं बसवलं. तिथे पत्र्याची छोटी पाटी ठोकलेली होती: जास्तीत जास्त साठ घोडे. बोट बांधणाऱ्याने झोपेत लिहिलंय का हे, असं तिने विचारलं. एवढं धूड मागे टांगून मागची बाजू पाण्यात गेली की कुणाला हाक मारशील, हेही विचारलं. भाच्याचं नव्वद तिथेच गार पडलं. उरलं चाळीस की साठ. आत्या अर्थातच चाळीस म्हणाली आणि आता हिच्यापुढे कोण डोकं फोडणार, म्हणून भाच्याने मान डोलावली.

चाचणी सकाळी झाली. चोवीस कॅन भरले, आत्या शेजारी बसली, आणि खरं सांगायचं तर चाळीसने मान खाली घालायला लावली नाही. काटा जिथे जायला हवा तिथे गेला, बोट हलक्या अंगाने धावली. भाचा खुशीत धक्क्याला लागला. तिथे पलीकडच्या गावची नर्सबाई उभी होती, रोजच्या आठांपैकी एक. बोटीत एवढं पाणी कशाला, असं तिने सहज विचारलं. ही तुम्हीच आठ जण आहात, असं भाच्याने सांगितल्यावर तिला हसू आवरेना.

“आत्याबाई, हे आमचं सकाळचं वजन झालं,” ती म्हणाली. “संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी कोण जातं?”

आणि मग तिने पाढाच वाचला. धान्याची पोती, गॅसचा सिलिंडर, गेल्या आठवड्यात जुन्या बोटीतून तर तिचं स्वतःचं शिलाई मशीन. जाताना माणसं, येताना बिऱ्हाड. त्यात ओहोटी लागली की पाणी समोरून ढकलतं ते वेगळंच.

आता नर्सबाईची काही धडगत नाही, असं भाच्याला वाटलं. तीस वर्षांत आत्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण आत्या कॅनकडे बघत नुसती उभी राहिली. मग तिने आणखी आठ कॅन भरायला सांगितले आणि ओहोटीच्या वेळी बोट पुन्हा काढायची ठरवली.

संध्याकाळी निम्मा धक्का बघायला जमला होता. भाच्याने चाळीसचा दांडा शेवटपर्यंत ओढला. बोटीचं नाक वर, बूड पाण्यात, काटा मधेच अडकलेला आणि इंजिन नुसतं बोंबलतंय. धक्का हळूहळू जवळ येण्याऐवजी बाजूला सरकत चालला. या कॅनच्या जागी नर्सबाई असती, तिचं मशीन असतं, असं भाच्याच्या मनात आलं. ओढत-रेटत कशीबशी बोट लागली.

आत्या उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझं चुकलं. हिला साठ लागेल.”

साठ मिळाल्याचा आनंद भाच्याला होईना. दुकानात येऊन बघतो तर आत्या बोटांवर मोजत होती. माणसं वाहणाऱ्या सतरा बोटींना तिने इंजिनं दिली होती, सगळ्यांना माणशी तीनच्या हिशेबाने. उद्यापासून एकेकीकडे जाऊन पुन्हा भरून बघणार होती, माणशी चार, ओहोटीच्या वेळी.

“आत्या, तीस वर्षांचं नाव आहे गं तुझं,” तो कळवळून म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, कमीबाई चुकली,” आत्या म्हणाली. “कमीबाईची बोट बुडाली म्हणण्यापेक्षा बरं ना?”

म्हणजे तिला ते नाव इतकी वर्षं ठाऊक होतं. भाच्याचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे रिकामे कॅन हातगाडीवर चढवले आणि पहिल्या बोटीपर्यंत तिच्या मागोमाग ढकलत नेले.